दिवेलागणीनंतरच्या खबरा

१

‘राखण’च्या पानावर हिरव्या अक्षरांत ‘शिवार शांत’ असं लिहिलेलं होतं, आणि त्याच शिवारात काल सांजच्याला वाघानं मेंढपाळ राघूला मानेला धरलं होतं.

हर्षालीनं पान बंद केलं, पुन्हा उघडलं. पुन्हा शांत. हातातला चहा गार होऊन त्यावर साय धरली तरी तिच्या ध्यानात आलं नाही. काल त्याच वेळेला, ह्याच हिरव्या अक्षरांवर विसंबून तिनं समृद्धीला अंगणात खेळू दिलं होतं. तीन वर्षांची पोर. अंगण आणि राघूचा मेंढवाडा ह्यांच्यामध्ये उसाचं एक वावर, बस्स.

शिनोलीच्या पुढं, डांबरी सोडून आत वळलं की त्यांची वाडी. आसपासच्या गावांतल्या पोरांनी मिळून ‘राखण’ ही वेबसाइट काढली होती. बिबट्या दिसला की फोनवरचं लाल बटण दाबायचं आणि बोलायचं. बोललेलं पानावर लिहून उमटायचं आणि त्या शिवारातल्या सगळ्यांचे फोन भोंग्यासारखे वाजायचे. इकडं बिबट्याला वाघच म्हणतात. बिबट्या हा शब्द पेपरातला आणि सायबांचा. ऊसतोड सुरू झाली की वाघ उघड्यावर पडतात, आणि मग वाडीतल्या बाया पोरांना बाहेर सोडण्याआधी दाराबाहेर बघत नाहीत, फोनमध्ये बघतात.

अंगणात रतनबाई उभी होती. राघूची बायको. नवऱ्याला दवाखान्यात सुनेच्या, हिराच्या, हवाली करून मेंढरांसाठी परत आलेली. लुगड्यावर वाळलेलं रक्त. शेजारी पोलीस पाटील सयाजीबुवा.

“म्या सांगितलं व्हतं,” रतनबाई म्हणाली. आवाज चढला नाही, त्यामुळंच अंगावर काटा आला. “वाघ बांधाला आला तवाच फोनला सांगितलं. फोन म्हणला, ‘खबर मिळाली, धन्यवाद.’ मंग मी मालकांना म्हणलं, आता समद्यांचं फोन वाजत्याल, लोकं येत्याल, तवर तुमी मेंढरं आत घ्या. त्येंनी माझ्या भरवशावर पाठ फिरवली. फोन काय वाजलं न्हाईत.”

सयाजीबुवांनी ओसरीवर बसलेल्या सार्थककडं पाहिलं. सार्थक म्हणजे हर्षालीचा धाकटा दीर. ‘राखण’वर संध्याकाळी नजर ठेवायची पाळी त्याची. कुणी टिंगलीनं खोटी खबर टाकली तर ती पुसायचा अधिकारही त्याला.

“माझ्याकडं आलीच नाही, पाटील,” सार्थक म्हणाला. चेहरा पांढराफटक.

“आली न्हाई का ठिवली न्हाई?”

“आईशप्पत आली नाही.”

“मागं मेंढरं तुझ्या कांद्याच्या रोपात घुसली तवा चार लोकांत काय म्हणला व्हतास? वाघानंच खाल्ली पायजेत तुमची मेंढरं, असं म्हणला व्हतास का न्हाई?”

सार्थकनं मान खाली घातली. म्हणाला होता. सगळ्यांनी ऐकलं होतं.

“उद्या सांजच्याला देवळाम्होरं बैठक,” सयाजीबुवा म्हणाले. “तवर सांग खबर कुठं गेली. न्हाईतर मला ठाण्यात कळवावं लागंल, राव. बाकीच्या मेंढपाळांना बी इचारलंय मी. समद्यांचं एकच गाऱ्हाणं. दिवसाची खबर पानावर लागती. सांजची लागत न्हाई. एकाची बी न्हाई.”

ते गेले. हर्षाली दिराकडं बघत राहिली. रोज समृद्धीला खांद्यावर घेऊन अंगणवाडीत सोडणारा हा पोरगा.

“वहिनी,” तो म्हणाला, “तू मंचरला कॉम्प्युटरच शिकलीस ना. तूच बघ. मला वेड लागायची पाळी आलीय.”

२

खबर पुसणं दोघांच्याच हातात होतं. एक सार्थक. दुसरी नूतन. नूतन ही साइट सांभाळणारी बाई, आळेफाट्याला गॅरेजच्या वर तिचं ऑफिस. मागं संध्याकाळी सगळ्या गावांनी एकदम पान उघडलं की चाक नुसतं गरगर फिरत राहायचं, म्हणून पोरांनी तिला गाठलं. तिनं साइट अशी पळवली की बोट लागायच्या आत पान उघडतं. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. हर्षालीनंसुद्धा.

पण पुसायला कारण लागतं, आणि वाघाच्या खबरा नकोशा असलेला माणूस वाडीत एकच होता.

चांगदेवनं धरणाच्या पाण्याकाठी तंबू टाकून शहरच्या पाहुण्यांसाठी कृषी पर्यटन काढलं होतं. दुपारी हर्षाली पोचली तेव्हा तो तंबूच्या दोऱ्या ताणत होता.

“या वहिनी. दिराला सोडवायला आला का मला अडकवायला?”

“चांगदेवभाऊ, नूतनताईंना तुम्ही फोन केला होता का? संध्याकाळच्या खबरांबद्दल?”

तो हसायचा थांबला. “केला. खोटं कशाला बोलू? म्हणलं, शनिवार-रविवार जरा सांभाळून घ्या. तर बया म्हणती, ‘वाघ तुमच्याकडं बुकिंग करून येतो का?’ फोनच ठेवला तिनं.”

“म्हणजे तिनं ऐकलं नाही.”

“ऐकलं असतं तर बरं झालं असतं. मागल्या शनिवारी पुण्याची पोरं आली व्हती. अंधार पडताना त्यातल्या एकीनं तो बिबट्या बघितला आणि दिली खबर. पाणी पिऊन होतंय न होतंय तोवर सगळ्या वाडीचे फोन बोंबलले. माणसं काठ्या घेऊन इथं. पाहुणे त्याच रात्री गेले पळून.”

हर्षाली थबकली. “अंधार पडताना? आणि ती खबर लागली?”

“लागली म्हणजे? ठणाणा लागली. तुमच्या सार्थकनंच मला फोन करून विचारलं, खरं आहे का म्हणून.” चांगदेवनं दोरीला गाठ मारली. “वहिनी, एक सांगू? त्या रतनबाईनं खबर दिलीच नसंल. माणूस जखमी झालं की भरपाई मिळते, मेंढरू मेलं की मिळते. मी तर सगळ्यांना सांगतोय, म्हातारी बनेल आहे.”

परत येताना हर्षालीच्या डोक्यात एकच भुंगा. संध्याकाळच्या खबरा कुणीतरी पुसत असेल, तर पुण्याच्या पोरीची का राहिली? पाहुण्यांची राहते, मेंढपाळांची जाते. म्हणजे पुसणारा वेळ बघत नव्हता, माणूस बघत होता.

आणि मेंढपाळांशी भांडण चांगदेवचं नव्हतं. सार्थकचं होतं.

३

मेंढवाड्यावर ती पोचली तेव्हा ऊन अजून उसाच्या शेंड्यांवर होतं. रतनबाई एकटीच खुंट्या ठोकत होती.

“आलीस तर हात लाव, पोरी. ही वाघर त्या टोकाला ओढ.”

वाघर म्हणजे मेंढरांभोवती उभी करायची दोरीची जाळी. हर्षालीनं ती ओढून धरली. काल राघू इथंच वाकला होता. माती उकरली गेली होती, आणि कुणीतरी त्यावर राख टाकली होती.

“मावशी, खबर दिली तेव्हा फोननं काय केलं, जसंच्या तसं सांगा.”

“काय करनार? पयलं बरं व्हतं. बोललं का चाक फिरत ऱ्हायचं, लई येळ फिरायचं, पर एकदा थांबलं का भोंगा वाजायचाच. आता बोलून व्हतंय न व्हतंय तवर म्हणतं, मिळाली.” तिनं खुंटीवर दगड हाणला. “मिळाली म्हंजी कुनाला मिळाली, हे कोन सांगतंय?”

“तुमची एकही खबर लागली नाही का कधी?”

“लागली की. मागल्या बाजारच्या दिशी सकाळी दिली व्हती. ह्याच फोनवरनं, ह्याच बांधावरनं. लगीच वाजलं समद्यांचं. उजेडात बोललेलं पोचतंय अन् सांजचं कुनीतरी गिळतंय. सांजला कोन बसतं तिथं, तू सांग.”

ऊन गेलं. वाडीत एकेक दिवा लागला. रतनबाईनं पदर सारखा केला.

“ती जाळी जरा ताठ कर. ढिली पडली.”

हर्षालीनं ती ताणली. “मावशी, काल तो वाघ नेमका कुठनं…”

रतनबाईनं तिच्याकडं असं पाहिलं, की आपण काही अभद्र बोललो की काय असं हर्षालीला वाटलं. म्हातारी क्षणभर उसाकडं कान देऊन उभी राहिली.

“गार वारं सुटलंय,” एवढंच म्हणाली. “लेकरू घरी हाय ना तुझं? जा तू.”

हर्षाली झपाझपा घरी आली. सार्थक फोन पुढ्यात घेऊन भिंतीला टेकून बसला होता. तिनं विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तोंडून निघालंच.

“सार्थक, खरं सांग. पुसलीस का?”

त्यानं वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांतलं पाणी पाहून तिची तिलाच लाज वाटली. पण उत्तर आलं ते दुसरीकडून, चुलीपाशी बसलेल्या प्रयागबाईंकडून. हर्षालीची सासू.

“त्यानं न्हाई पुसली,” त्या म्हणाल्या. “आन पुसली असंल, तर मग माझी बी त्यानंच पुसली.”

४

रात्री सासूबाईंनी पुढं काही सांगितलं नाही. “सकाळी इचार,” म्हणून त्या पांघरूण घेऊन पडल्या. सकाळी गोठ्यात शेण भरताना हर्षालीनं त्यांना गाठलं.

“आई, तुम्ही कधी खबर दिली होती?”

“दिवाळी झाल्याव. सांजच्याला धार काढाया आले तर गोठ्यामागं हुभा. म्या फोनला सांगितलं, तो ‘मिळाली’ म्हणला, पर वाजलं काय न्हाई. म्हणलं आपलंच बटन चुकलं असंल. तुमी शिकलेली मानसं हसाल, म्हणून बोलले न्हाई.”

वाघ ह्या गोठ्यामागं उभा होता. इथं, जिथं समृद्धी वासराला चारा घालायला येते. आणि पान शांत होतं.

“आई, तीच खबर आत्ता पुन्हा द्या. तसंच बटण दाबा.”

“आता? आता कुठं हाय तो?”

“नसू दे. मला बघायचंय.”

प्रयागबाईंनी शेणाचा हात पदराला पुसला, बटण दाबलं आणि फोन तोंडापुढं धरून हाळी घातल्यासारखं म्हणाल्या, “आमच्या गोठ्यामागं वाघ आला व्हता.”

क्षणात त्यांच्याच हातातला फोन किंचाळला. मग ओसरीवरचा, शेजारचा, पलीकडच्या आळीतला. कुत्री भुंकायला लागली. कुणीतरी “कुठाय, कुठाय” करत पळत आलं. सार्थकनं धावत येऊन खबर पुसली आणि सगळ्यांची माफी मागितली. येणाऱ्यांतल्या एकानं जाता जाता टोमणा मारलाच, “आता पुसायला बरं जमलं रं तुला.”

हर्षालीचं लक्ष मात्र पानावर होतं. खबर गेली होती, पण तिच्या जागी बारीक करडी ओळ उरली होती: ‘खोटी म्हणून काढली – सार्थक.’

“ही ओळ प्रत्येक वेळी राहते?”

“राहते. नूतनताईंनी पुसलं तरी त्यांचं नाव राहतं. ती ओळ कुणालाच काढता येत नाही, तसंच बनवलंय मुद्दाम.”

“मग परवाच्या संध्याकाळी रतनबाईंच्या जागी अशी ओळ का नाही?”

सार्थकनं पान मागं सरकवत नेलं. महिनाभराच्या संध्याकाळी उलटून पाहिल्या. करडी ओळ कुठंच नव्हती. त्यानं तिच्याकडं बघितलं, आणि दोघांनाही एकदमच कळलं. कुणीच काही पुसलं नव्हतं. खबरा पानावर आल्याच नव्हत्या.

पण फोन तर म्हणाला होता, मिळाली.

तीच बाई, तोच फोन, तेच बटण, तोच गोठा. सकाळी पोचतं, संध्याकाळी वाटेत नाहीसं होतं. पुण्याच्या पोरीचं मात्र संध्याकाळीही पोचतं. हर्षालीनं पर्स उचलली.

“आई, मी आळेफाट्याला जाऊन येते. आज समृद्धीला अंगणवाडीत पाठवू नका. पान शांत म्हणालं तरी नका.”

“बरं,” प्रयागबाई म्हणाल्या.

५

नूतनच्या ऑफिसच्या खाली कुणीतरी ट्रकचं टायर बडवत होतं, त्यामुळं प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागत होतं.

“माझ्यावर संशय असेल तर स्पष्ट बोला,” नूतन म्हणाली. हर्षालीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, चष्मा डोक्यावर सरकवलेला. “मी एकही खबर काढलेली नाही.”

“माहितीय. काढली असती तर ओळ राहिली असती. मला एवढंच सांगा, साइट जलद केली म्हणजे नेमकं काय केलं?”

नूतननं खिडकीबाहेरच्या हॉटेलाकडं बोट केलं. “त्या हॉटेलात एकच वेटर आहे असं धरा. पूर्वी तुमचा सर्व्हर त्या वेटरसारखा वागायचा. एका टेबलाची ऑर्डर घेतली की स्वतः आत जाऊन भाजी शिजेपर्यंत उभा राहायचा. खबर आली की आसपास कोण राहतं ते शोध, जुन्या खबरांशी ताडून बघ, शेकडो फोन वाजव, आणि हे सगळं झालं की मग खबर देणाऱ्याला सांग, झालं. तोवर बाकीची टेबलं ताटकळत. संध्याकाळी गर्दी झाली की वेटर कोसळायचा.”

“आणि आता?”

“आता वेटर ऑर्डर घेतो, चिठ्ठी खिडकीत ठेवतो, ‘मिळाली’ म्हणतो आणि पुढच्या टेबलाकडं वळतो. भाजी आत शिजत राहते.”

मिळाली म्हंजी कुनाला मिळाली.

“म्हणजे ‘मिळाली’ हे चिठ्ठी खिडकीत पडली एवढंच. आतल्यानं वाचली असं नाही.”

“वाचतो की. खिडक्या दोन आहेत. तातडीची चिठ्ठी लगेच उचलली जाते. दुसरी सावकाशीची, सर्व्हर मोकळा झाला की. करावंच लागलं. लोक त्या बटणावर काय वाट्टेल ते बोलतात. गुड मॉर्निंग, कांद्याचा भाव, कुत्रं हरवलं. ते सगळं वाघाच्या खबरेआधी शिजवत बसायचं का?”

“कुठली तातडीची, ते कोण ठरवतं?”

“शब्द. बोलण्यात वाघ, बिबट्या, बिबट असं काही आलं की तातडीची.”

खाली टायर बडवणं थांबलं. त्या शांततेत हर्षालीला रतनबाईचा आवाज ऐकू आला. उन्हात: ‘ही वाघर ओढ.’ दिवे लागल्यावर: ‘ती जाळी ताठ कर.’ वस्तू तीच. फक्त पहिल्या शब्दात वाघ होता.

तिनं घरी फोन लावला. प्रयागबाईंनी उचलला.

“आई, त्या दिवशी संध्याकाळी फोनमध्ये काय बोललात? शब्दन् शब्द आठवा.”

“काय बोलनार? गोठ्यामागं जनावर आलंय म्हणलं.”

“आज सकाळी तर वाघ म्हणालात.”

“सकाळी उजाडलं व्हतं, हर्षाली. दिवं लागल्याव त्याचं नाव घेत्यात व्हय? नाव घेतलं का येतंय ते. तुला काय तुझ्या आयनं शिकवलं न्हाई का?” मग जरा चाचरत, “आन रागवू नगंस, पोरगी लई रडली, खाऊ पायजे म्हणून. अंगणवाडीत सोडलीय तिला.”

ते नंतर बघू. तिनं फोन खाली केला आणि नूतनकडं वळली.

“‘जनावर’ हा शब्द कुठल्या खिडकीत जातो?”

“सावकाशीच्या. मी स्वतः घातला तो. ‘आमचं जनावर सुटलंय, कुणाला दिसलं का’ असल्या गाई-म्हशींच्या खबरांनीच तर…” नूतन बोलता बोलता थांबली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना हर्षालीला दिसला.

“आमच्याकडं दिवेलागणीनंतर वाघाला जनावर म्हणतात,” हर्षाली म्हणाली. “आमच्या सासूबाई म्हणतात, मेंढपाळ म्हणतात, जुनं माणूस सगळं म्हणतं. पुण्याची पोरगी म्हणत नाही. कुणी पुसलं नाही, नूतनताई. तुमच्या सर्व्हरनं ह्या सगळ्या खबरा गाई-म्हशींत काढल्या. ती दुसरी खिडकी शेवटची कधी उघडली?”

“रात्री उघडायला हवी. वर्दळ कमी झाली की.” नूतन घाईघाईनं टाइप करायला लागली. “पण वर्दळ… देवा. पान जलद झालं म्हणून लोक रात्रभर उघडून बघायला लागले. सर्व्हर मोकळा असा झालेलाच नाही. मी जलद केली त्या दिवसापासून.”

पडद्यावर सावकाशीची रांग उलगडली. कांदा, कुत्रं, शुभ सकाळ, हरवलेली म्हैस, आणि मध्ये मध्ये, पेरल्यासारखं, जनावर. तळेघरकडच्या कुणा म्हातारीचं. शिनोलीच्या कुणाचं. प्रयागबाईंचं. राघूच्या संध्याकाळचं: ‘जनावर बांधाला बसलंय, मालक येकलंच हायती.’

नूतननं तोंडावर हात ठेवला. हर्षालीची नजर मात्र रांगेच्या टोकाला गेली होती. शेवटची खबर. कालची, तिन्हीसांजेची, ती मेंढवाड्यावरून निघाल्यानंतरची. देणारी रतनबाई.

‘जनावर अंगणवाडीच्या मागल्या उसात शिरलं. दोन पिल्लं हायती संगं. लेकरांना सोडू नगा.’

६

प्रयागबाईंनी फोन उचलला नाही. त्या रानात गेल्या असणार. अंगणवाडीचा लागेना. सार्थकनं पहिल्याच घंटीला उचलला.

“अंगणवाडी,” हर्षाली म्हणाली. “मागच्या उसात. पिल्लांची आहे. समृद्धी तिथंय.”

त्यानं काही विचारलं नाही. फोन चालूच होता, खिशात टाकला असावा. तिला त्याच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता, मग चपला सुटल्याचा, मग नुसता श्वास. इकडं नूतननं ती खबर हातानं उचलून तातडीच्या खिडकीत टाकली, आणि फोनमधून, त्या श्वासाच्या पाठीमागून, अख्ख्या वाडीचे भोंगे वाजायला लागले. हर्षालीनं टेबलाची कड धरून ठेवली होती. जिथं पाठवू नका म्हणून सांगितलं, तिथंच पोरगी होती. पान शांत होतं. शांत, हिरव्या अक्षरांत.

भोंगे थांबले. कुत्र्यांचा आवाज आला. धनगरी कुत्र्यांचा, जाडजूड. सार्थकचा श्वासही थांबला.

“सार्थक?”

नुसती कुत्रीच ऐकू येत होती.

“सार्थक, बोल.”

“वहिनी,” तो म्हणाला आणि रडायला लागला. “दार आतनं बंद आहे. पोरं सगळी आत आहेत, गाणी म्हणतायत. दारात रतनबाई बसल्यात. कुत्री घेऊन.”

मग फोनवर म्हातारीचा आवाज आला, आपण फार मोठ्यानं बोललं पाहिजे अशा समजुतीचा. “पोरी, हाय गं तुझी. शेंबूड पुसलाय तिचा. सकाळधरनं बसलीय मी. वाडीतल्या लोकांना सांगितलं, पोरं आणू नगा, तर म्हणत्यात पान शांत हाय, म्हातारी भरपाईसाठी बोलती. फोनला सांगून पायलं, मानसांना सांगून पायलं. मंग म्हणलं, आपुनच बसावं.”



*

संध्याकाळी देवळापुढं बैठक भरली, पण ठरली होती तशी झाली नाही. दुपारीच वनखात्याची माणसं येऊन उसाला वेढा घालून बसली होती. पोरांना मधल्या वाटेनं घरी पोचवलं होतं. नूतन स्वतः आली होती. सगळ्यांसमोर उभं राहून तिनं काय चुकलं ते सांगितलं, वेटरच्या गोष्टीसकट. राघू बोलायला लागल्याचा हिराचा निरोप सयाजीबुवांनी वाचून दाखवला. चांगदेव मागं उभा होता, तो कुणाशी न बोलता निघून गेला. सार्थक उठला आणि रतनबाईच्या पाया पडला. ती म्हणाली, “कांद्याचं रोप परत लाव. मेंढरं मी बघती.”

“आता मला शब्द सांगा,” म्हणत नूतन वही-बिही न काढता, लॅपटॉपच मांडीवर घेऊन पायरीवर बसली. “दिवे लागल्यावर काय काय म्हणता?”

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. शेवटी प्रयागबाई म्हणाल्या, “उजेड हाय तवर इचार, बाई. समदं सांगतो. वाघाचं नाव घ्यायचं न्हाई. जनावर म्हणत्यात, ‘ते’ म्हणत्यात, ‘मोठं’ म्हणत्यात.”

नूतन लिहीत गेली. “आणि गाय सुटली तर?”

“गाय सुटली तर गाय म्हणा म्हणावं,” सयाजीबुवा म्हणाले. “गायीचं नाव घ्यायला कोन भितंय?” पहिल्यांदाच लोक हसले.

हर्षाली समृद्धीला कडेवर घेऊन घराकडं निघाली. पोरगी गाणं म्हणत होती. देवळात दिवा लागला, मग आळीत एकेक. उसाच्या बांधापाशी ती वळली आणि थिजली. वेढ्याच्या अलीकडं, ओढ्याच्या काठानं, काहीतरी पोट जमिनीला लावून सरकत होतं. मागं दोन छोट्या सावल्या.

मागं मागं सरत ती शेजारच्या ओसरीवरून घरात शिरली, पाठीनं दार लोटलं, आणि फोन काढून लाल बटण दाबलं. ती कॉम्प्युटर शिकलेली बाई. असल्या गोष्टी न मानणारी. नाव तिच्या ओठांवर आलं होतं. समृद्धीचं डोकं तिच्या गळ्याशी होतं, गरम, घामेजलेलं.

“ओढ्याच्या काठाला,” ती हलक्या आवाजात म्हणाली, “जनावर आहे. पिल्लांसकट. वर सरकतंय.”

‘खबर मिळाली,’ फोन म्हणाला.

तिनं श्वास रोखला. आणि मग ओसरीवरचा, गोठ्यातला, देवळापुढचा, अख्ख्या वाडीतला एकेक फोन वाजायला लागला.